संकटाच्या हाकेचा मालक कोण?

(कोल्हापूर येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



आजचा विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. अडचणीत सापडलेला माणूस १०८, ११२ किंवा १०७७ हा क्रमांक फिरवतो. पलीकडे कोणीतरी तो उचलतो. यात राजकारण ते कोणते, असे कोणी विचारील. परंतु फोन कोणी उचलावा, त्यासाठी पैसा कोठून यावा आणि तो उचलला गेला नाही तर जाब कोणाला विचारावा, हे तिन्ही प्रश्न निखळ सत्तेचे आहेत.

यंत्रणेचे चित्र प्रथम पाहू. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. वाहने गावोगावी उभी असली तरी हाक ऐकणारे केंद्र पुण्यात, आणि चालक व डॉक्टर ठेकेदाराच्या चाकरीत. ११२ हा क्रमांक पोलीस खात्याचा. त्याची केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे. उरला १०७७, तो जिल्हाधिकारी कचेरीतील नियंत्रण कक्षाचा. म्हणजे शिरोळ तालुक्यातील एखाद्या शेतमजूर बाईला प्रसववेदना सुरू झाल्या असता तिची हाक प्रथम पुण्याला जाते, आणि पुराच्या पाण्याने घर वेढले तर कोणता क्रमांक फिरवायचा हे तिने स्वतःच ठरवायचे असते.

केंद्रीकरणात कार्यक्षमता असते हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाकारणार नाही. शंभर लहान केंद्रांपेक्षा एक मोठे केंद्र स्वस्त पडते. परंतु मक्तेदारी जेथे अपरिहार्य असते तेथे ग्राहकाला दुसरे दुकान नसते. म्हणून तेथे लोकनियंत्रण अधिक कडक हवे. आपण नेमके उलटे केले आहे. या १०८ चा जन्म २००५ साली हैदराबादेत एका उद्योगपतीच्या संस्थेतून झाला. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा हिशेबी घोटाळा उघडकीस आला आणि त्या संस्थेचे अध्यक्ष रामलिंग राजू तुरुंगात गेले. पुढे दुसऱ्या उद्योगसमूहाने संस्था हाती घेतली म्हणून ती तगली. लक्षावधी लोकांच्या जीवनमरणाची सेवा एका धनिकाच्या नशिबाला बांधली गेली होती, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

आता आपत्तीची बाजू. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि जेथे जिल्हा परिषद आहे तेथे तिचा अध्यक्ष सहअध्यक्ष. लोकप्रतिनिधीला कायद्याने दिलेली ही एकमेव भक्कम खुर्ची. कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. म्हणजे ती खुर्चीही रिकामी! महापालिकेची मुदत त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. जुलै २०२१ चा महापूर या शहराने निवडून दिलेल्या नगरसेवकांविना सोसला. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. पण अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. एक अधिकारी गेला, दुसरा आला. ग्रामपंचायतीची तर गोष्टच नको: कलम ४१ तिला कर्तव्ये देते, पण तीही जिल्हा प्राधिकरणाच्या निदेशाधीन.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. वीज उपकेंद्रे पाण्यात गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. ज्यांच्या हाती फोन होते त्यांनी क्रमांक फिरवले. प्रत्यक्षात धावले ते शेजारी, तरुण मंडळे, व्हाइट आर्मीसारखी स्वयंसेवी पथके, आणि मागाहून राष्ट्रीय पथके व नौदल. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. ती नाव गावचीच होती. नाव गावाने चालवायची, आणि ती केव्हा, किती माणसांनिशी, कोणाच्या देखरेखीखाली निघावी याची सिद्धता मात्र जिल्ह्याच्या कागदावर, ही विभागणीच मला घातक वाटते. (राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत, माणसांना मात्र पाहावी लागते.)

परदेशात काय आहे? अमेरिकेत ९११ ची पहिली हाक १९६८ साली अलाबामातील हेलीव्हिल या लहान गावातून दिली गेली. पुढे इलिनॉय राज्यात स्थानिक आपत्कालीन दूरध्वनी मंडळे स्थापन झाली. त्यांसाठी टेलिफोन बिलावर अधिभार बसवायचा तर मतदारांचा सार्वमताने कौल घ्यावा लागे, आणि मंडळावर एका सामान्य रहिवाशाला जागा असे. २०१६ पासून अधिभार राज्यपातळीवर गेला, तरी मंडळे टिकली. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडते, याची नोंद आपल्या खाजगीकरणवाद्यांनी घ्यावी. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. न्यू यॉर्क व न्यू जर्सी या राज्यांनी ९११ च्या नावाने गोळा केलेला पैसा इतर खर्चाकडे वळवला आणि त्यांच्या केंद्रीय आयोगाने तो आपल्या अहवालात नोंदवला. राखीव निधी म्हटला की त्याच्यावर नजर ठेवणारेही हवेत.

आपल्याकडे अधिभाराला माझा विरोध आहे. प्रत्येक फोनमागे ठरावीक रक्कम म्हणजे साखर कारखान्याचा अध्यक्ष आणि ऊसतोड मजूर यांच्यावर सारखाच कर. दूरध्वनी सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आधीच आहे. त्यातील ठरलेला वाटा जिल्ह्याकडे परत यावा, ही मागणी अधिक न्याय्य आहे.

मंडळ कसे असावे? जिल्हा परिषद अध्यक्ष, महापौर, पूररेषेतील गावांचे सरपंच पाळीपाळीने, रुग्णवाहिका चालक व परिचारिका यांचे प्रतिनिधी, आणि दोन सामान्य नागरिक. ‘आणीबाणीत समित्या बसवता का?’ असा आक्षेप येईल. नाही. पाणी चढत असता हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचाच चालावा. मंडळाचे काम पाणी उतरलेल्या महिन्यांतले: हाक आल्यापासून वाहन पोचेपर्यंत किती वेळ गेला याचे तालुकावार आकडे दर तिमाहीस जाहीर करणे, आणि ठेक्याच्या अटी सही होण्यापूर्वी लोकांसमोर वाचणे. या शेवटच्या गोष्टीचे मोल कोल्हापूरकरांना सांगायला नको. टोलचा करार झाला तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते, एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आणि हजारो नागरिक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २०१५ च्या अखेरीस तो टोल गेला. रस्त्याच्या कराराविरुद्ध आंदोलनाला वर्षे मिळाली. रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्याजवळ मिनिटे असतात.

असे मंडळ उद्या स्थापन झाले, तर त्याच्या पहिल्या विषयपत्रिकेसाठी एक प्रश्न मी येथेच देऊन ठेवतो. खिद्रापूरसारख्या सीमेवरच्या गावातील फोन कर्नाटकातील मनोऱ्याने पकडला, तर ती हाक कोणत्या राज्याच्या केंद्रात जाईल, तेथे मराठी समजणारे कोणी असेल काय, आणि गाडी कोठून निघेल?