मेंढीचा दात आणि गवताचा विसावा

मेंढी जितकी गरीब तितकीच तिची अपकीर्ती मोठी. मेंढरे फिरली की माळ उजाड झाला, असा समज जगभर आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीच्या पहिल्या मेंढ्या १७९७ साली उतरल्या. १८९१ पर्यंत तेथील मेंढरांची संख्या दहा कोटींवर गेली. पुढे दीर्घ अवर्षण पडले आणि १९०३ च्या सुमारास ती जवळजवळ निम्म्यावर आली. मेंढ्या मेल्या खऱ्या. पण त्यांच्या आधी गवत मेले होते.

असे का व्हावे? गवताचे पान खुडले गेले की बुडख्यात व मुळांत साठविलेल्या अन्नावर ते नवे पान फोडते. पुरता विसावा मिळाला तर तो साठा पुन्हा भरतो. परंतु मेंढी चोखंदळ असते. कुंपणात वर्षभर एकाच जागी ठेवली, तर ती तोच तो गोड फुटवा पुनःपुन्हा खुडते. पहिला घास गवत सोसते. सावरण्यापूर्वी घेतलेला दुसरा घास मात्र त्याच्या मुळावर येतो. मग चांगले गवत नाहीसे होते, माती उघडी पडते आणि काटेरी तण माजते.

हे चक्र उलटे फिरविता येईल काय? न्यू साउथ वेल्स प्रांतात गल्गाँग गावाजवळ ‘विनोना’ नावाचे एका कुटुंबाचे मेंढपाळीचे शेत आहे. मागील पिढीने तेथे नांगरट, सुपरफॉस्फेट आणि परदेशी चारापिके यांचा अवलंब केला. आरंभी उत्पन्न वाढले. पुढे खर्च वाढला आणि जमिनीचा कस उतरला. १९७९ साली वणव्यात सुमारे ३,००० मेंढ्या, घरदार आणि झाडे भस्मसात झाली. खत घेण्यास पैसा उरला नाही. तेव्हा कॉलिन साइस या शेतकऱ्याने त्या भूमीच्या मूळच्या गवताकडेच मोर्चा वळविला.

त्यांनी रानाचे लहान लहान भाग पाडले. सगळा कळप एका भागात थोडे दिवस चरावा, मग पुढे जावा, आणि मागच्या गवताला सावरण्यास पुरेसा अवधी मिळावा, अशी ही योजना. १९९३ साली डॅरिल क्लफ या मित्राच्या सहकार्याने त्यांनी आणखी एक युक्ती योजिली. तेथील बरीचशी देशी गवते उन्हाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात निजतात. त्या निजलेल्या गवतातच, नांगर न लावता, ओटसारखे हिवाळी धान्य पेरावयाचे. धान्य निघते आणि गवतही शाबूत राहते.

गवताला तुरे येऊ लागले की बी पडते. बियांमागून किडे येतात, किड्यांमागून पाखरे. झाकलेल्या मातीत पाऊस मुरतो. यात कुटुंबाचा स्वार्थही आहे. लोकरीच्या तंतूवर उपासाची खूण उमटते: चारा आटला की तंतू बारीक होतो आणि ओढताच तेथे तुटतो. नाना जातींचे गवत असले की कोणते ना कोणते हिरवे असतेच.

ही पद्धत सर्वत्र सारखीच फळते काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि ते असावेत. पाऊस, माती, गवत जागोजागी निराळे. विसाव्याचे महत्त्व मात्र आपल्याला परके नाही. ऑस्ट्रेलियात ज्याला कांगारू गवत म्हणतात, त्याच जातीचे गवत आपल्या भारतातही उगवते. दख्खनचा धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन वाटेला लागतो; वाटेवरच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवितो, लेंडीखत देतो आणि धान्य घेतो. तो गेल्यावर मागचा माळ सावरतो. त्याच्या या भ्रमंतीला आपण मागासलेपण समजत आलो. आज गायराने आक्रसत आहेत, वाटा बुजत आहेत आणि कळपांना एकाच जागी अधिक काळ रेंगाळावे लागत आहे. ऑस्ट्रेलियातील शेतकरी कुंपणे आखून जी हालचाल परिश्रमाने घडवितो, ती आपल्याकडे पायांना ठाऊक होती. ती वाट बंद पडली आणि माळ उजाड झाला, तर दोष मेंढीच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही.