भिंतीवरच्या चित्रांची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, भिंती. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे बिल्डरवर बोलणार काय? तर तसं नाही. आम्ही चार गिरणी कामगार २०२१ सालापासून रविवारी मुंबईत फिरतो, उघड्यावरच्या भिंतींवर काढलेली चित्रे शोधतो आणि वहीत लिहून ठेवतो. गिरणी बंद पडल्यावर रविवारच काय, सगळेच वार रिकामे झाले होते. त्या वहीची ही हकीकत आहे.

सुरुवात नामुष्कीतून झाली, ते आधी कबूल करतो. आपल्या जुन्या चाळीच्या टोकाच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र होते, ते इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. निळा कोट, हातात पुस्तक. १९९१ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, घरटी वर्गणी काढून ते काढून घेतले होते. चाळ पाडली २०१९ मध्ये. पुढे कुणाच्या तरी नातीला शाळेत दाखवायला त्या चित्राचा फोटो हवा होता. सगळी वस्ती धुंडाळली. निघाला एकच. लग्नाच्या वरातीचा फोटो. नवरदेवाच्या खांद्यामागे बाबासाहेबांचा अर्धा चेहरा आणि पुस्तकावरची तीन बोटे, बाकी सगळे बँडवाल्याच्या टोपीआड! अठ्ठावीस वर्षे आम्ही त्या चित्राखालून पहिल्या पाळीला गेलो, तिसऱ्या पाळीवरून आलो. फोटो कुणी काढला नाही. चित्र काय कुठे पळून जाणार होते?

ज्याने ते काढले तो आमच्याच गिरणीच्या छपाई खात्यात होता. नोकरी गेल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. आज तो हयात नाही. त्याची पद्धत मात्र डोळ्यांसमोर आहे. कॅलेंडरवरच्या लहान चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या. सुतळी गेरूच्या पाण्यात भिजवून, दोघांनी दोन टोके धरून, भिंतीवर फटकन सोडायची. रेघ उमटते. भिंतीवर तितक्याच चौकटी, पण मोठ्या. मग एका चौकटीत जे दिसते तेवढेच मोठ्या चौकटीत उतरवायचे. आम्ही पोरं सुतळीचं टोक धरायला असायचो, पण त्याला हे कुठे शिकलात म्हणून विचारायचे कुणाला सुचले नाही.

म्हणून वही. पहिली दोनशे पानी, आता तिसरी चालू आहे. जागा, तारीख, भिंत कोणत्या दिशेला, चित्र किती हात लांब-रुंद, रंग कसला, कुणी काढले, पैसे कुणी दिले. फोटो सकाळी काढायचा, अगदी समोरून, आणि आमच्यातला एक जण भिंतीला लागून उभा राहणार, म्हणजे माप कळते. (सगळ्या फोटोंत तोच तो माणूस आहे, त्याची घरात थट्टा होते.) दिशा का, तर मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी भिजतात, त्यावरचे चित्र आधी जाते. आणखी एक गोष्ट शिकलो. ऑइल पेंट चमकतो, लोकांना आवडतो, पण भिंत ओली असेल तर आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. चुन्यातला रंग फिका पडतो, पण असा सोलून निघत नाही.

शहरात किती आहे हो बघायला! क्रॉफर्ड मार्केटात आपण पन्नास वेळा गेलो, मान वर कोण करतो? १८६९ सालची ती इमारत, आज महात्मा जोतिबा फुले मंडई. प्रवेशद्वारांच्या वर दगडात शेतीकामाची दृश्ये कोरलेली आहेत. ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले लॉकवुड किपलिंग यांच्या हातची. खाली फळांच्या पाट्या आणि वर कष्ट करणारा शेतकरी. शेतकऱ्याचा असूड लिहिणाऱ्या जोतिबांचे नाव त्या वास्तूला फार उशिरा लागले, पण चित्र आधीपासून वाट बघत होते असे आम्हाला वाटले. फोर्टात न्यू इंडिया अॅशुरन्सची इमारत आहे, १९३० नंतरच्या दशकातली. तिच्या दर्शनी भागावर कष्टकऱ्यांची उठावशिल्पे आहेत, शिल्पकार ना. ग. पानसरे. कोरलेले ते चित्र काय, यावर आमच्यात वाद झाला. वहीत घेतले.

वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोन खात्याच्या उंच इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले, एकशेवीस फूट बाय दीडशे. रंगवणारे रणजित दहिया हरियाणातल्या खेड्यातले, सुरुवातीला घरांना चुना मारायचे. हे कळले तेव्हा आम्हाला आमचा छपाई खातेवाला आठवला. तुळशी पाइप रोडला माहीम ते दादर रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर २००९ च्या ऑगस्टमध्ये शेकडो सामान्य माणसांनी महापालिकेच्या परवानगीने चित्रे काढली होती. आम्ही वही घेऊन पोहोचलो तोपर्यंत त्यातली बरीच दुसऱ्या रंगाखाली गेली होती. २०१७ मध्ये ससून डॉकला चित्रकार आले, तेव्हा तिथल्या कोळी माणसांचे मोठाले काळे-पांढरे फोटो भिंतींवर लावले गेले. आपल्याच कामाच्या जागी आपला चेहरा दोन पुरुष उंच बघायला कसे वाटत असेल?

मोठ्या नावांची चित्रे कुणीतरी टिपतो. छापून येतात, परदेशी पाहुणे बघायला येतात. आपल्या गल्लीतली कोण टिपणार?

आणि आम्हीही चुकत होतो. एकदा नळाजवळ उभे राहून आम्ही बाबासाहेबांच्या चित्राचे माप घेत होतो. एक आजी हंडा ठेवून म्हणाल्या, "काय रे बाबांनो, त्या आडभिंतीवरची रमाई तुम्हाला दिसली नाही व्हय?" खरोखर दिसली नव्हती. पाण्याच्या टाकीमागे, जेमतेम चार हात. आजींनी सांगितले, दरवर्षी सात फेब्रुवारीच्या आधी बायका भोवतीने चुना मारतात, चित्राला धक्का लागू देत नाहीत. लुगड्याचे काठ मात्र नव्याने रंगवतात, आणि ज्या घरात जो रंग शिल्लक असेल तो वापरतात. त्यामुळे आजवर काठ हिरवे, लाल, पिवळे असे सगळे होऊन गेले. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला, दुरुस्ती कुणी केली. आमच्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना तोच आहे.

आता दुसरी नामुष्की. फोटो सगळे एकाच मोबाईलमध्ये होते. २०२३ च्या पावसात तो भिजला. चौदा महिन्यांचे फोटो गेले. वही होती म्हणून जागा कळल्या, परत गेलो. अकरा चित्रे तोपर्यंत भिंतीवर उरली नव्हती. त्या आठवड्यात भंतेजींनी आम्हाला अजिंठ्याची गोष्ट सांगितली, ती आम्ही नंतर वाचून काढली. रॉबर्ट गिल नावाच्या अंमलदाराने १८४४ नंतर कित्येक वर्षे लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ च्या आगीत गेल्या, तीही लंडनलाच. मूळ चित्रे इथेच होती म्हणून बरे. आमच्या अकरा भिंतींना तसे मूळ राहिले नाही.

आता फोटो कागदावर काढून तीन घरांत ठेवतो, आणि वहीची झेरॉक्स विहाराच्या कपाटात आहे. किल्ली ग्रंथपालाकडे मागावी.

एक मागणे आहे. आपल्या मागच्या गल्लीतल्या दोन बैठ्या चाळी पावसाळ्यानंतर पाडणार आहेत. एका भिंतीवर धम्मचक्र आहे, दुसरीवर भगवान बुद्धांचे ध्यानस्थ चित्र, खालचा भाग खाराने गेलेला. आज तिथे जे आहे ते आम्ही टिपले. पण पूर्वी तो खालचा भाग कसा होता, तिथे नावे लिहिली होती म्हणतात, ती कुणाची, हे आम्हाला हवे आहे. तुमच्या ट्रंकांत जुने अल्बम असतील. बारसे, वरात, जयंतीची मिरवणूक, कुठलाही फोटो चालेल. माणसांकडे नका बघू, मागची भिंत बघा. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघे इथेच विहारात बसणार आहोत. फोटो तुमच्या देखत मोबाईलमध्ये टिपून लगेच परत देऊ. ज्या आजींना येणे जमणार नाही त्यांनी निरोप द्यावा, आम्ही घरी येऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.