मोगऱ्याच्या लेकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या प्रसंगी बागेविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. विषय मोठा आहे. म्हणून त्यातला एकच भाग घेते. चैत्र-वैशाखात फुलणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी आपल्या परसातली झाडे वाढवावीत कशी? त्यातही मुख्यतः मोगरा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोगऱ्याची फुले हाती आली की आपण ती वेणीत माळतो. पण हे झाड जन्मते कसे, हे फारसे मनात येत नाही. आपल्या दुहेरी पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. कोणी फांदी जमिनीत दाबली किंवा खोचली, तरच नवे रोप होते. म्हणजे आज आपल्या दारी फुलणारा मोगरा हा मागे कोणाच्या तरी दारी असलेल्या मोगऱ्याचाच तुकडा आहे. माणसाचा हात थांबला की त्याचा वंश तेथेच थांबला.

इटलीत टस्कनी नावाचे राज्य होते. तेथील ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्याकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून दुहेरी मोगरा गेला. थंडीत तो जगावा म्हणून फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लोच्या बागेत त्याच्यासाठी उबदार घर होते. इटालियन लोक त्याला ‘मुगेरिनो’ म्हणतात. आपला मोगराच तो! अशी आख्यायिका सांगतात की, याची डहाळी कोणालाही देऊ नये, असा ड्यूकचा हुकूम होता. पण एका माळ्याने ती आपल्या वाग्दत्त वधूला दिली. तिने ती लावली, रोपे केली, आणि ती विकून दोघांच्या संसाराला पैसा उभा केला.

आपल्याकडे असा हुकूम कोणी काढलेला नाही. तरीही जुने घर पाडून नवे बांधताना अंगणात फरशी येते आणि कोपऱ्यातला मोगरा मुळासकट निघतो. दुसरा मोगरा विकत मिळेल, यात शंका नाही. पण तो सासूबाईंनी लावलेला नसेल. म्हणून आधी त्याच्या लेकी करून ठेवाव्यात.

आता कृती सांगते. मृगाच्या सरींनी जमीन चांगली भिजली की जमिनीलगतची, पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची फांदी निवडावी. शेंड्यापासून हातभर अंतरावर, डोळ्याच्या खालच्या बाजूस धारदार चाकूने तिरपी खाच द्यावी. खाच मिटू नये म्हणून तीत बारीक काडी ठेवावी. मग तेवढाच भाग तीन इंच मातीत दाबून वर दगड ठेवावा आणि शेंडा काठीला उभा बांधावा. यालाच दाब कलम म्हणतात. आपली धानाची जमीन चिकट. ती पाणी धरते आणि कोवळी मुळी कुजते. म्हणून त्या जागी दोन भाग माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत घालावे.

सुमारे तीन महिन्यांत मुळ्या धरतात. तोवर आई लेकीला पोसते, हाच या रीतीचा मोठा गुण. तोडतानाही एकदम तोडू नये. आधी अर्धा काप द्यावा, आठवड्याने पुरता. घटस्थापनेच्या सुमारास हे काम झाले, तर रोपाला थंडीचे चार महिने मिळतात. तुमसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतपा सोसायचा तर मुळी आधी खोल गेलेली हवी. पहिल्या उन्हाळ्यात रोपावर दुपारची सावली मात्र करावी.

पुष्कळ जणी पौषात छाटलेल्या काड्याच कुंडीत खोचतात. त्यांना पालवी फुटली की आनंद होतो; पण पालवी म्हणजे मुळी नव्हे. काडीतल्या साठ्यावर पाने फुटतात, साठा सरला की काडी वाळते. काड्या लावायच्याच असतील तर पावसाळ्यात, सावलीत, वाळूच्या कुंडीत लावाव्यात.

जुन्या झाडाचेही थोडे ऐका. मार्गशीर्षापासून त्याचे पाणी हळूहळू तोडावे. पौषाच्या अखेरीस वाळकी काटकी काढून झाड दीड ते दोन फुटांवर छाटावे, खत घालावे, मग पाणी सुरू करावे. चैत्रात कळ्यांनी झाड भरते.

पांढऱ्या चाफ्याची तऱ्हा उलटी. त्याची अंगठ्याहून जाड फांदी फाल्गुनात कापावी आणि आठ-दहा दिवस सावलीत नुसती ठेवावी. चीक वाळून तोंड बंद झाले की लावावी. तिला पाणी बेताने द्यावे. फार पाण्याने ती कुजते. मे महिन्यात लाल चेंडूसारखे फूल देणाऱ्या कंदाचे तर थंडीत पाने वाळल्यावरच काम. त्या वेळी आजूबाजूची पिल्ले अलग करून लावावीत. एका झाडाला आईचा आधार हवा, एकाला कोरडेपणा, एकाला झोप. ज्याची त्याची वेळ ओळखली की निम्मे काम झाले.

शेवटी एक विनंती करते. ज्यांच्याकडे मोगरा आहे, त्या प्रत्येकीने येत्या मृगात दोन फांद्या दाबाव्यात. एक रोप घरी ठेवावे, दुसरे कोजागिरीला मंडळात आणावे. कुंडीवर चिठ्ठी असावी : हा मोगरा कोणाच्या घरचा, कोणी लावलेला. वीस जणींनी एवढे केले, तर वीस रोपे मोगरा नसलेल्या घरी जातील. पुढे एखादीचे परस बुजले तरी तिच्या मोगऱ्याची लेक शेजारच्या गल्लीत नांदत असेल, आणि तिला पुन्हा एक फांदी मागता येईल.