गच्चीवरची बाग आणि खालचं छत

आज आमच्या बागकाम मंडळाची गोष्ट सांगतो. दर रविवारी सकाळी सातला सोसायटीच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण जमतो. कुणी पालापाचोळ्याचं पोतं आणतं, कुणी रसवंतीवरून उसाची चिपाडं. बियांची देवाणघेवाण होते, चहा होतो. ऐकायला छान वाटतं ना? पण दुसऱ्याच पावसाळ्यात हे सगळं बंद पडणार होतं.

झालं असं, की सुरुवातीच्या उत्साहात आम्ही गच्चीवर विटा रचून वाफे केले आणि फूटभर लाल माती भरली. वजनाचा हिशोब कुणी केलाच नाही. एक चौरस फूट जागेवर फूटभर ओली माती म्हणजे जवळपास ४५ ते ५० किलो! त्यात वाफे थेट लादीवर, म्हणजे पाणी तिथेच मुरणार. जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात ओल आली. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा खाली या आणि माझं छत बघा." गेलो. चुन्याचे पोपडे डाळीच्या डब्यांवर पडले होते. आम्हाला बोलायला तोंडच नव्हतं.

पुढच्या दोन रविवारी सगळी माती आम्हीच घमेल्यांनी खाली उतरवली. वर्गणी काढून गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, काकूंचं छत रंगवून दिलं. मग अभ्यासाला बसलो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पालापाचोळ्यातून सकस माती करायला शिकवायचे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली उपाहारगृहाच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. म्हटलं, हे आपल्यालाही जमेल.

आता आमच्याकडे सगळं क्रेटमध्ये, आणि क्रेट विटांवर ठेवलेले. खालून हवा खेळते, पाणी वाहून जातं. क्रेटमध्ये तळाला चिपाडं, वर शेणपाणी आणि गुळाच्या मिश्रणात भिजवलेला पाला, सगळ्यात वर थोडीशी माती. गच्चीच्या मधोमध काही नाही. क्रेट फक्त कडेने, तुळयांच्या रेषेत, तेही इंजिनिअरला दाखवून. पाला कुजून खाली बसतो, मग पुन्हा भर घालायची. हेच आमचं रविवारचं मुख्य काम. भेंडी, चवळी, मायाळू, अळू, गवती चहा, सगळं येतं.

आणि पहिली जुडी कुणाला जाते? काकूंना. लाच म्हणून नाही हं! आमची बाग त्यांच्या डोक्यावर उभी आहे, म्हणून. यंदा त्यांनीच मायाळूच्या काड्या लावल्यात आणि आम्हाला दटावतात, "पाणी बेताने घाला रे!"

तुम्ही असं मंडळ सुरू करणार असाल, तर बियाणं नंतर आणा. आधी गच्चीखाली कोण राहतं, त्यांच्याकडे जाऊन चहा प्या आणि छत बघून या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!