सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून सहसा परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी बोलले जाते. मी आज एका कागदाविषयी बोलणार आहे. हा कागद दवाखान्यात आपल्यापुढे ठेवला जातो. त्याच्या तळाशी सहीची रेघ असते. त्याला संमतिपत्र म्हणतात, आणि आपल्यापैकी फार थोडे लोक तो वाचून सही करतात. स्त्रियांच्या एका लहानशा तपासणीच्या वेळी, म्हणजे गर्भपिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासताना, या कागदाचे काय होते हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे. विषय संकोचाचा आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, त्या विषयावर दवाखान्यात घाईने निर्णय होतात. म्हणून तो आज येथे बोललेला बरा.

अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आपण अजूनही ‘डफरीन’ म्हणतो आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. ही नावे आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की त्यांचा अर्थ आपण विसरलो. लेडी डफरीन या व्हाइसरॉयच्या पत्नी. परद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत आणि उपचाराविना राहतात, हे पाहून 1885 साली त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर आणि परिचारिका मिळाव्यात यासाठी निधी उभारला. त्या काळचा प्रश्न होता, या बाईला तपासणार कोण? तो प्रश्न आज बराच सुटला आहे. आपल्याच मुली डॉक्टर होत आहेत. परंतु या बाईला विचारणार कोण, हा दुसरा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

प्रथम ही तपासणी म्हणजे काय ते पाहू. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून जाणे, पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे, किंवा पॅप तपासणीत काही संशय येणे, अशा वेळी डॉक्टर तुकडा तपासण्याचा सल्ला देतात. पिशवीच्या आतले अस्तर तपासायचे असेल तर एक बारीक नळी आत घालून अस्तराचा थोडा अंश ओढून घेतात. पिशवीच्या तोंडाची तपासणी असेल तर त्यावर व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावतात. संशयाची जागा पांढरी दिसते, आणि तिथला काही मिलिमीटरचा तुकडा चिमट्याने घेतात. सहसा भूल द्यावी लागत नाही. काही मिनिटांचे काम असते, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

हे सारे खरे असले तरी ‘काहीच होत नाही, झोपा’ एवढे सांगून भागत नाही. पाळीच्या वेळी येते तशी, कधी त्याहून तीव्र, कळ येते. कोणाला घेरी येते. दोन-चार दिवस थोडे रक्त किंवा काळपट स्राव जातो. क्वचित जंतुसंसर्ग होतो, आणि फारच क्वचित नळीने पिशवीला इजा होते. कधी तुकडा अपुरा येतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. या गोष्टी आधी माहीत असलेली बाई घाबरत नाही. ज्या बाईला कोणी काही सांगितले नाही, ती पहिल्या कळेला घाबरते, आणि पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढत नाही.

आपल्या भागात आणखी एक भीती आहे. ‘गाठीला हत्यार लागले की रोग पसरतो’, असे वडीलधारी माणसे सांगतात. या तपासणीच्या बाबतीत ती भीती निराधार आहे. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तपासणी टाळून जे महिने वाया जातात त्यांत तो वाढतो. उलट, दुसरीही गोष्ट लक्षात ठेवा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या स्त्रियांपैकी दहांतल्या सुमारे नऊ जणींना पिशवीच्या अस्तराचा कर्करोग नसतो. म्हणजे तपासणीचा सल्ला मिळाला म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही, आणि ती टाळण्याचेही नाही.

लवकर तपासणी करण्याने काय साधते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची व्हिनेगरची साधी तपासणी ठरावीक काळाने होत होती, आणि संशय आला तर त्यांना पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवीत. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. वस्तीतील ही तपासणी डॉक्टरांनी केली नव्हती. ती दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केली होती. मुलीला दहावीपर्यंत शिकवून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे उदाहरण विसरू नये.

आता संमतीकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. दिल्लीतील 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री 1995 साली अंगावरून जास्त जाते म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीने तपासणी करण्यास तिने संमती दिली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली, आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. आणि रुग्ण प्रौढ असून काही वेळाने शुद्धीवर येणार असताना तिच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. जीव वाचविण्यासाठी क्षणही थांबता येत नाही, एवढाच त्याला अपवाद.

याच निकालात, रुग्णाला आधी काय सांगितले पाहिजे तेही आले आहे. ते प्रत्येक घरात पाठ असावे असे माझे नम्र मत आहे. काय करणार आणि कसे करणार? ते कशासाठी, आणि त्याचा उपयोग काय? दुसरा काही मार्ग आहे काय? त्यात मुख्य धोके कोणते? आणि ते केलेच नाही तर काय होईल? हे पाच प्रश्न तोंडपाठ असले की डॉक्टरपुढे मान खाली घालून बसावे लागत नाही.

ज्या बाईला हे प्रश्न विचारता येत नाहीत, तिचे काय होते? 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’, या भीतीने शस्त्रक्रियेला तयार झाल्याचे त्यांतील अनेक जणींनी सांगितले. म्हणून माझी आपणांस विनंती आहे : कोणी कॅन्सरची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर ‘तुकडा तपासला का? त्याचा रिपोर्ट काय आहे?’ असे शांतपणे विचारा. हा लहानसा तुकडा अनेकदा मोठी शस्त्रक्रिया टाळतो. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही तुम्हांला हक्क आहे, आणि तो बजावल्याने कोणत्याही डॉक्टरचा अपमान होत नाही.

आता घरातील मंडळींसाठी दोन शब्द. दवाखान्यात नेहमी दिसते ते असे : डॉक्टर नवऱ्याशी बोलतात, नवरा बाहेर जाऊन आपल्या अम्मीला विचारतो, दोघांचे ठरते, आणि बाईला फक्त टेबलावर बोलावणे येते. त्या सर्वांची काळजी खरी असते. परंतु देह तिचा आहे, कळ तिला सोसायची आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या संमतीची जागा नवऱ्याची किंवा सासूची सही घेऊ शकत नाही. घरच्यांनी सोबत जावे, धीर द्यावा, सल्ला द्यावा. ‘हो’ किंवा ‘नाही’ मात्र तिने म्हणावे. मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर सही पालकांची असते. तरीही काय होणार आहे ते तिला समजेल अशा शब्दांत सांगितलेच पाहिजे. मुलगी अविवाहित असेल तर ते तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे तपासणीची पद्धत त्याप्रमाणे ठरविता येते.

हया ही आपल्याकडे मोलाची गोष्ट आहे, आणि ती राखून तपासणी करता येते. स्त्री डॉक्टर हवी असे आपण म्हणू शकतो. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी स्त्री जवळ असावी, हा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नमूद आहे. गर्भ राहिल्याची शंका, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे आधी सांगावे. कळ कमी करण्याची गोळी किंवा जागा बधिर करण्याचे औषध मिळेल काय, असे विचारावे. रमजानात रोजे असतील तर तेही सांगावे. घाईचे कारण नसेल तर डॉक्टर सोयीची तारीख देतात. तुकडा काढल्यानंतर येणारे रक्त जखमेचे असते, पाळीचे नसते, हेही समजून घ्यावे. म्हणजे घरी नमाजाविषयी संभ्रम राहत नाही. आणि टेबलावर असतानासुद्धा ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार बाईला असतो.

घरी आल्यावर तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधी किंवा पोटात असह्य दुखणे, यांपैकी काही झाले तर त्वरित परत जावे. रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल ते लिहून घ्यावे आणि तो आणावाच. तुकडा दिला आणि रिपोर्ट आणलाच नाही, तर सोसलेली कळ फुकट जाते.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. एका सकाळी शंभर रुग्ण तपासायचे असताना प्रत्येकीला सगळे समजावणे सोपे नसते. पण ज्या बाईने पाच प्रश्न आधीच तयार ठेवले आहेत, तिला समजावण्यास पाच मिनिटे पुरतात. येथे शिक्षणाचा संबंध येतो.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. आपल्या घरात आई उर्दू वाचते, आजी अंगठा लावते, आणि दवाखान्याचा कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतो. तो कागद त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. न समजलेला शब्द डॉक्टरांना विचारा. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू देऊ नका. तिथे तपासणीचे नाव लिहायला सांगा. जिला लिहिता येत नाही, तिच्या अंगठ्यालाही समजून घेण्याचा तेवढाच हक्क आहे.

पालकांना माझे सांगणे एवढेच की, मुलीला आपण शाळेत घालतो ते तिने केवळ गुण मिळवावेत म्हणून नव्हे. उद्या तिच्यापुढे असा कागद येईल, तेव्हा तिने तो वाचावा, प्रश्न विचारावेत, आणि मग स्वतःच्या हाताने सही करावी किंवा ‘मला विचार करू द्या’ असे म्हणावे. तिला एवढे धैर्य आले, तर या संस्थेचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.