कोळशाला चिकटलेलं सोनं

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण ते सोनं व्यापाराचं. जालन्यात सोन्याची खाण नाही. खाण आहे कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला.

खाणीच्या टनभर दगडात सोनं असतं जेमतेम काही ग्रॅम. दगड दळून सायनाइडच्या पाण्यात घुसळला की ते विरघळतं. मग पाण्यातून वेचायचं कसं? नारळाच्या करवंटीच्या कोळशाने! वाफेत तापवून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडतात. सोनं त्यांत चिकटतं. करवंटी टणक, म्हणून कोळशाचा भुगा होत नाही. पुढे गरम कॉस्टिकने सोनं सोडवतात, कोळसा भाजून पुन्हा वापरतात.

आम्लात विरघळलेलं सोनं टॅनिनही पकडतं, आणि टॅनिन आपल्या बांधावरच्या बाभळीच्या सालीत भरपूर असतं. तरीही जुन्या कॉम्प्युटरचे भाग घरी आम्लात टाकू नका. सोनं अगदी थोडं निघतं, विषारी पाणी मात्र विहिरीपर्यंत झिरपतं. २०१२-१३च्या दुष्काळात पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळलेल्या आपण पाहिल्या आहेत. आपलं खरं सोनं त्या विहिरीतच आहे.