सम्यक स्मृती : रोजच्या जगण्यातली

(वर्धापनदिनी विहारात दिलेले प्रवचन)



अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. पालीत तिला ‘सति’ म्हणतात. स्मृती म्हटलं की आपल्याला पाठांतर आठवतं. इथे अर्थ वेगळा आहे. या घटकेला माझं शरीर काय करतंय, मनात काय चाललंय, याचं भान म्हणजे स्मृती.

भगवंतांनी हा उपदेश कुरू देशातील कम्मासधम्म येथे केला. दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात तो आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी भान ठेवायचे. चालताना, जेवताना, बोलताना, गप्प बसताना, एवढंच काय, शौचाला जाताना सुद्धा! म्हणजे ही साधना फक्त विहारात डोळे मिटून करायची नाही. पाण्याच्या रांगेतही ती होते, लोकलच्या गर्दीतही होते.

काही जण विचारतात, “आपण लढणारी माणसं. हे श्वास बघत बसणं आपल्याला कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात सम्यक स्मृती म्हणजे मनाची सततची जागृती, विकारांवरचा पहारा, असा अर्थ सांगितला आहे. सभेत एक टोचणारा शब्द येतो आणि दोन कार्यकर्ते वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. पहारा नसला की चळवळीचंही असंच नुकसान होतं.

पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे, ते पमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे. शुद्ध गेली की बाकीची चार शीलंही धोक्यात येतात. पण न पिणारा माणूसही रागात बेसावध होतो आणि लेकराच्या गालावर वळ उमटतो. राग चढताना छाती धडधडते, श्वास तोकडा होतो. तेवढ्यात “मला राग आलाय” हे ओळखलं, तर उचललेला हात खाली येऊ शकतो. चित्तानुपश्यना म्हणतात ती हीच.

म्हणून घरी तीन गोष्टी करून पाहा. एक वेळचं जेवण टीव्ही-मोबाईल बंद ठेवून जेवा. मूल बोलत असेल तर हातातलं काम ठेवून त्याच्याकडे पाहा. राग आला तर तीन श्वास थांबा, मग बोला.

कुसिनारा येथे भगवंतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. विहार आपण वर्गणीतून उभा केला. हे भान मात्र ज्याचं त्यानेच ठेवायचं आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!